‘सोडणें’ या शब्दाविषयीं थोडेंसें

मराठींत कांहीं क्रियापदें अशीं आहेत कीं, तीं दिवसांतून शंभर वेळां आपल्या तोंडांत येतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं. ‘सोडणें’ हें त्यांपैकीं एक. परभाषीय मनुष्यास हें क्रियापद शिकवूं लागलें म्हणजे त्याच्या पोटांत किती विसंगति भरलेली आहे तें कळतें. ‘त्यानें तंबाखू सोडली’ म्हणजे तंबाखू बंद झाली. परंतु ‘त्यानें उपास सोडला’ म्हणजे तो जेवावयास बसला. ‘विचार सोडला’ म्हणजे विचार रद्द केला. ‘संकल्प सोडला’ म्हणजे मात्र हातावर पाणी घेऊन संकल्प केला! ‘हुकूम सोडला’ म्हणजे दिला, ‘नोकरी सोडली’ म्हणजे टाकली, ‘गाय सोडली’ म्हणजे दावें काढलें, आणि ‘प्राण सोडला’ म्हणजे सर्वच आटोपलें. एकच धातु देण्याच्या, टाकण्याच्या, आरंभाच्या आणि शेवटाच्या अशा चारही कामांस लावणारी आपली भाषा उधळी आहे कीं काटकसरी आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या सगळ्या अर्थांचें मूळ शोधूं गेल्यास तें गोठ्यांत सांपडतें. हिंदींतील ‘छोडना’ आणि आपलें ‘सोडणें’ हीं सख्खीं भावंडें होत. प्राकृतांतील ‘छ’काराच्या जागीं मराठींत पुष्कळदां ‘स’कार येतो, छुरीची सुरी झाली, छायेची सावली झाली, हिंदीचे छह आपल्याकडे सहा झाले, तसेंच हें. मूळ कल्पना गांठ उकलण्याची. बांधलेलें मोकळें करणें तें सोडणें. बटूच्या कमरेची मेखला उतरवितात त्या संस्कारास आपण सोडमुंज म्हणतों, तें अगदीं अक्षरशः. आतां ही कल्पना ध्यानांत धरून वरच्या उदाहरणांकडे पुन्हा पाहावें. उपास हेंहि बंधन, तें उकललें म्हणून उपास सुटला. हातांतलें पाणी ताम्हणांत मोकळें केलें म्हणून संकल्प सुटला. विसंगति भासते ती वरवरची आहे. आंत गांठ एकच आहे.

संस्कृताकडे वळल्यास तेथें या एका कामासाठीं धातूंचा ताफाच उभा आहे. ‘त्यज्’ पासून त्याग. ‘हा’ पासून हानि आणि हीन. ‘मुच्’ पासून मोक्ष. ‘सृज्’ धातूस उपसर्ग लागून विसर्जन आणि उत्सर्ग. परंतु या सर्वांत मला स्वतःला मौज वाटते ती ‘संन्यास’ शब्दाची. ‘अस्’ म्हणजे फेंकणें. ‘नि’ लागला कीं खालीं ठेवणें. त्यापासून ‘न्यास’ म्हणजे ठेव. शेजाऱ्याकडे दागिना ठेवून यात्रेस जावें आणि परत आल्यावर मागून घ्यावा, तो न्यास. देवस्थानांच्या विश्वस्त मंडळींस आज आपण न्यास म्हणतों तेंहि यावरूनच. त्याच शब्दास ‘सम्’ लागून संन्यास झाला, म्हणजे पुरतेपणीं खालीं ठेवणें. ठेव आणि संन्यास यांत अंतर एवढेंच कीं, एकींत पावती जपून ठेवावयाची असते आणि दुसऱ्यांत ती फाडावयाची असते. संन्यास घेणारा स्वतःचें श्राद्ध स्वतः करून बाहेर पडतो, आणि आपल्या धर्मशास्त्रानें त्यास व्यवहारांत मृतच मानलें. त्याची मालमत्ता त्याच्या हयातींतच वारसांकडे जाते. पावती फाडणें याहून स्पष्ट तें काय असणार!

सोडण्याचा विचार सर्वांत बारकाईनें कोणी केला असेल तर तो मीमांसकांनीं. सामान्य मनुष्यास वाटतें, यज्ञ म्हणजे अग्नि, तूप आणि धूर. मीमांसक म्हणतात, नव्हे. यागाचीं अंगें तीन : द्रव्य, देवता आणि त्याग. द्रव्य अग्नींत टाकणें ही पुढची क्रिया, तिचें नांव होम. याग घडतो तो ‘हें आतां माझें नव्हे’ असें मनानें ठरवून वाणीनें उच्चारलें त्या क्षणीं. म्हणूनच प्रत्येक आहुतीमागें ‘न मम’ हीं दोन पदें येतात. या दोन पदांविषयीं एक गोष्ट यज्ञशाळेबाहेर फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आहुति ऋत्विजानें टाकली तरी चालते, मंत्र त्यानें म्हटले तरी चालतात. परंतु ‘न मम’ हें यजमानानें म्हणावयाचें असतें. कारण उघड आहे. ज्याचें आहे त्यानेंच ‘माझें नाहीं’ म्हणावयाचें. तूप दुसऱ्याचें आणि ‘माझें नाहीं’ म्हणणारा तिसरा, यास त्याग म्हणत नाहींत. हा मुद्दा वाचकांनीं थोडा वेळ मनांत ठेवावा; पुढें कामास येईल.

याग, होम आणि दान यांतला भेदहि याच सूक्ष्मतेनें केलेला आहे. दानांत दोन गोष्टी लागतात : आपलें स्वत्व संपणें आणि दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न होणें. यांतील पहिलीच घडली आणि दुसरी घडली नाहीं तर तें दान नव्हे. तळें, विहीर, बाग लोकांसाठीं सोडून देतात त्यास दानहि म्हणत नाहींत, उत्सर्ग म्हणतात. कारण तेथें घेणारा एक कोणी नसतो, सर्व भूतमात्र असतें. आणि मौज अशी कीं, त्या सर्वांत सोडणाराहि पुन्हा मोजला जातो! ज्यानें तळें सोडलें त्यास त्या तळ्याचें पाणी पिण्यास प्रत्यवाय नाहीं. फक्त तो आतां मालक म्हणून नव्हे, तर गांवांतला एक म्हणून पितो.

देण्याच्या वेळीं पाणी सोडण्याची चाल फार जुनी. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांतून भूमि दिल्याचा उल्लेख येतो तेथें ‘उदकातिसर्गेण’ हें पद हटकून आढळतें. हातावरून पाणी वाहून गेलें कीं, वस्तु परत घेतां येत नाहीं, ही त्यामागील समजूत. त्याच उदकाचा मराठींत मात्र एक विचित्र संसार झालेला आहे. ‘उदक सोडणें’ म्हणजे अजूनहि जाणूनबुजून देणें. परंतु ‘पाणी सोडणें’ म्हणजे गेलेल्या वस्तूची आशा टाकणें. पेढी बुडते, ठेव बुडते, आणि मनुष्य म्हणतो, ‘त्या पैशांवर मीं पाणी सोडलें.’ वस्तुतः सोडावयास त्याच्या हातांत कांहीं उरलेलेंच नसतें. परंतु लुबाडलें गेल्यापेक्षां आपण दिलें असें म्हणण्यांत मनाला थोडा आधार वाटतो, आणि तो आधार भाषेनें पुरविलेला आहे. ‘तुळशीपत्र ठेवणें’ हा प्रयोग याहून सोज्वळ. नैवेद्यावर तुळशीचें पान ठेवून पाणी फिरविलें कीं तो पदार्थ आपला राहिला नाहीं. म्हणून ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवून’ निघालेला मनुष्य हा रागावून निघालेला नसतो, अर्पण करून निघालेला असतो. ‘तिलांजलि’ मात्र मृतांसाठीं. सवयीस तिलांजलि दिली म्हणणारा ती सवय मेली असें म्हणत असतो. चार दिवसांनीं ती पुन्हा दारांत उभी राहते ती गोष्ट निराळी.

‘घटस्फोट’ शब्दाची हकीकत तर पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसते. आज आपण तो विवाहविच्छेदास लावतों. मूळ धर्मशास्त्रांत त्याचा नवराबायकोशीं कांहीं संबंध नाहीं. महापातक करून प्रायश्चित्त घेण्याचें नाकारणाऱ्या मनुष्यास त्याचे सपिंड वाळींत टाकीत, तेव्हां पाण्यानें भरलेला घट दासीकडून पायानें लवंडवीत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत हा विधि आहे. तो मनुष्य जिवंत असतां मेला असें जाहीर करण्याची ती रीत. इतका कठोर शब्द आपण न्यायालयांतल्या एका दाव्यास लावला, हें मला तरी फारसें रुचत नाहीं. ‘सोडचिठ्ठी’ हा आपला घरगुती शब्द साधा होता, खरा होता. पण तो अशिष्ट ठरला आणि संस्कृत शब्द सभ्य ठरला.

सोडण्याच्या बाबतींत आपण लोक थोडे लबाडहि आहोंत, हें सांगितलें पाहिजे. काशीस किंवा गयेस गेलें म्हणजे एखादा पदार्थ कायमचा सोडून यावयाचा, अशी चाल अनेक घरांत आहे. हेतु असा कीं, जें आवडतें तें सोडावें. प्रत्यक्षांत कारलें आणि भोपळा यांवर जितकें पाणी गंगातीरीं पडलें असेल तितकें आंब्यावर खचित पडलेलें नाहीं. चातुर्मासांत कांदा, लसूण, वांगें सोडावयाचें. पण तत्पूर्वीं कांदेनवमी साजरी करून चार महिन्यांची भरपाई आधींच करून घ्यावयाची. यांत पाप आहे असें मी म्हणत नाहीं. कांदेनवमीचीं भजीं मींहि आवडीनें खाल्लेलीं आहेत. परंतु भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत त्यागाचे जे तीन प्रकार सांगितलेले आहेत, त्यांत हा कोठें बसवावा असा प्रश्न मुलें वर्गांत विचारीत, तेव्हां उत्तर देतांना हंसूं येई. मोहानें केलेला त्याग तामस, कष्टांच्या भयानें केलेला राजस, आणि कर्तव्य न टाळतां आसक्ति व फळ तेवढें टाकणें हा सात्त्विक. कारल्याचा त्याग यांपैकीं कशांतच बसत नाहीं; त्यासाठीं चौथा प्रकार करावा लागेल.

गंभीरपणें पाहतां, सर्वस्व सोडून जाणाऱ्याचें मला आवडणारें उदाहरण बृहदारण्यकांतील याज्ञवल्क्याचें आहे. तो घर सोडून निघतो. परंतु निघण्यापूर्वीं मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघींची वांटणी करून द्यावी म्हणून मैत्रेयीस हांक मारतो. पुढें मैत्रेयीनें धन नाकारून अमृतत्वाचा प्रश्न विचारला आणि तो संवाद अमर झाला, म्हणून आपलें लक्ष तिकडेच जातें. पण आधीं वांटणी आणि मग परिव्रज्या, हा क्रम दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. मैत्रेयी ‘नको’ म्हणूं शकली, कारण तिच्यापुढें आधीं ‘घे’ म्हणून कांहीं ठेवण्यांत आलें होतें.

यवनी अंमलांत आपल्या कचेऱ्यांची भाषा फारसी झाली आणि सोडण्याचे नवे शब्द आले. त्यांतला ‘राजीनामा’ अत्यंत फसवा. ‘राजी’ म्हणजे कबूल, ‘नामा’ म्हणजे कागद; म्हणजे मूळ अर्थ संमतीचा कागद. उत्तरेकडे अजूनहि राजीनामा म्हणजे तडजोड. मुंबई इलाख्यांतील रयतवारींत शेतकरी आपली जमीन सोडी तेव्हां राजीनामा लिहून देई आणि नवीन धारण करणारा कबुलायत लिहून देई. जमीन सोडण्याचा कागद तो पुढें नोकरी सोडण्याचा कागद झाला, आणि मराठीप्रमाणें गुजराती, कानडी, तेलुगु याहि भाषांत तोच अर्थ स्थिरावला. हिंदीनें त्या कामीं ‘इस्तीफा’ घेतला. त्याच्या मुळाशीं माफी मागण्याची कल्पना आहे, आणि आपली ‘माफी’ त्याच अरबी धातूची. ‘फारकत’ म्हणजे फारिग-खत, हिशेब चुकता होऊन मोकळें झाल्याचा कागद. आणि ‘बेदावा’ म्हणजे दावा नाहीं असा लेख. शिखांच्या परंपरेंत सांगतात कीं, आनंदपूरच्या वेढ्यांत चाळीस शिष्यांनीं गुरु गोविंदसिंगांस बेदावा लिहून दिला. पुढें १७०५ सालीं मुक्तसरच्या लढाईंत ते परत येऊन पडले, तेव्हां त्यांच्यांतल्या मरणोन्मुख महासिंगाच्या विनंतीवरून गुरूंनीं तो कागद फाडला. सोडल्याचा कागद फाडून नातें पुन्हा जोडण्याची ही एकच गोष्ट मला ठाऊक आहे.

आतां ज्या शब्दासाठीं हा सारा प्रपंच, त्याकडे येतों. ‘हक्कसोड’. अर्धा अरबी, अर्धा मराठी असा हा जोडशब्द आज घरोघरीं ऐकूं येतो, आणि बहुतकरून एकाच प्रसंगीं : वडील वारले, आणि बहिणींच्या सह्या हव्या आहेत. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या मिळकतींत वारसा दिला. १९९४ सालीं महाराष्ट्रानें त्या तारखेपर्यंत अविवाहित असलेल्या मुलींस सहदायाद केलें. ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशांतील मुलींस, विवाहित असोत वा नसोत, वडिलार्जित मिळकतींत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, त्यासाठीं २००५ च्या त्या दिवशीं बाप हयात असण्याची जरूरी नाहीं. कायदा इतका पुढें आला. त्याच्या मागोमाग हक्कसोडपत्रहि आलें; कारण हक्कच नव्हता तेव्हां तो सोडवून घेण्याचें कारण कोणास पडणार?

बहिणीनें भावास हिस्सा देऊं नये असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. पुष्कळ बहिणी आनंदानें देतात. ज्या भावानें म्हातारपणीं आईबापांचें केलें, ज्याला दुसरा आसरा नाहीं, त्यास देणें हें योग्यच. माझा प्रश्न शब्दाचा आहे : ज्याला आपण सोडणें म्हणतों तें तेथें घडतें काय?

भीष्माची कथा येथें आठवते. दाशराज सत्यवती देण्यास कबूल होईना, तेव्हां देवव्रतानें राज्यावरचा हक्क सोडला. दाशराज म्हणाला, तुमचें वचन खरें, पण तुमच्या मुलांचें काय? मुलांच्या वतीनें बाप त्यांचा हक्क सोडूं शकत नाहीं, हें त्या नावाड्यास बरोबर कळत होतें. म्हणूनच देवव्रतास आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करावी लागली. कायदाहि याच बाजूचा आहे. बाप हयात असतांना त्याच्या स्वकष्टार्जित घरांत पुढें कधीं वारसा मिळेल तो मीं आजच सोडला, असा कागद मुलीकडून घेतला तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें ती नुसती आशा होय, आणि आशा हस्तांतरित होत नाहीं. जें हातांत आलेंच नाहीं तें सोडावें कसें?

दुसरी गोष्ट वेळेची. नारदस्मृतींत ‘दत्ताप्रदानिक’ नांवाचें प्रकरण आहे. दिलें असतांहि न दिल्यासारखें जें मानावें, त्याचे सोळा प्रकार त्यांत मोजले आहेत. भयानें दिलेलें, रागानें दिलेलें, कपटानें घेतलेलें, अस्वतंत्रानें दिलेलें हे त्यांत आहेतच. पण शोकानें व्याकुळ असतांना दिलेलेंहि आहे. आणि आपल्याकडे हक्कसोडाचा कागद निघतो केव्हां? तेराव्या-चौदाव्याच्या सुमारास, कारण ‘सर्वजण जमलेच आहेत’. कागदांत मात्र ‘राजीखुषीनें व अक्कलहुशारीनें’ हे शब्द छापील असतात. डोळे अजून कोरडे झालेले नाहींत, आणि कागद म्हणतो खुषीनें!

अलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आतां स्वतः सासू झालेली आहे, असाच एक मसुदा घेऊन माझ्याकडे आली. वडील नुकतेच गेलेले. आई, भाऊ आणि ती असे तीन वारस. घर वडिलांनीं स्वतः बांधलेलें. मसुद्यांत लिहिलें होतें कीं, माझ्या लग्नांत मला माझा हिस्सा दागिने व खर्च यांच्या रूपानें पोंचलेला असून आतां माझा कोणताहि हक्क शिल्लक राहिलेला नाहीं, सबब मी तो सोडीत आहे. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, मला घर नकोच आहे. पण पोंचलें नाहीं तें पोंचलें असें कसें लिहूं?’’

शिल्लकच नाहीं तर सोडतां काय, हा तर्कदोष वर्गांतल्या कोणत्याहि मुलानें पकडला असता. पण तिच्या मनांतला सल तर्काचा नव्हता. तो कागद नांवानें हक्कसोड आणि मजकुरानें फारकत होता. फारकतींत घेणारा घेऊन मोकळा होतो. त्यागांत देणारा देऊन मोकळा होतो. तिला दुसरें करावयाचें होतें आणि तिच्याकडून पहिलें लिहवून घेतलें जात होतें. भावाचें म्हणणें असें कीं, शेवटीं घर एकाच्याच नांवावर होणार, मग शब्दांचा घोळ कशाला? त्याच्या मनांत कपट होतें असें मला वाटलें नाहीं. मसुदा लिहिणाऱ्याकडे एक नमुना होता, तो त्यानें उतरून दिला, इतकेंच. पण त्या नमुन्यानें एका देणारीला देणें फेडून घेतलेली ठरविलें होतें.

मीं तिला चार गोष्टी सांगितल्या. सही आज करूं नकोस. कागद नोंदणीकृत असल्यावांचून स्थावराच्या बाबतींत उपयोगाचा नाहीं, आणि एकदां नोंदला कीं मोडणें कठीण. फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावें लागतें, आणि तेंहि कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत दावा लावून. सातबारावर किंवा मिळकतपत्रिकेवर फेरफार झाला म्हणून मालकी ठरत नाहीं, तेव्हां ‘नुसतें नांव कमी करावयाचें आहे’ या बोलण्यास भुलूं नकोस. आणि हिस्सा भाच्याच्या नांवें करावयाचा असें कोणी सुचविलें तर तें हक्कसोड होत नाहीं. हक्क सहहिस्सेदारासाठींच सोडतां येतो, इतरांस द्यावयाचें तर बक्षीसपत्र लागतें आणि त्याचा विचार व खर्च निराळा.

सहा महिने गेले. वर्षश्राद्धापूर्वीं तिनें सही केली, ती दुसऱ्या मसुद्यावर. त्यांत आधीं मिळकतीचें वर्णन, मग ‘या मिळकतींत माझा एक तृतीयांश हिस्सा आहे’ असें सरळ वाक्य, आणि त्याखालीं ‘तो हिस्सा मी मोबदला न घेतां माझ्या भावाच्या लाभांत सोडीत आहे’ असें दुसरें. लग्नांतल्या दागिन्यांचा उल्लेख काढलेला होता. आईचा एक तृतीयांशहि त्याच कागदांत सोडवून घ्यावा असें बोलणें झालें होतें. त्यास मात्र तिनें साफ नकार दिला. तो अजून आईच्याच नांवावर आहे.